सातव्या फळीवरच्या माश्या

अकराच्या सुमारास दुकानासमोरची हवा जाड झाली. याहून बरा शब्द मला अजून सापडलेला नाही. मी गादीवर बसून श्रीनिवासरावांसाठी भरलेल्या रोशाच्या तेलाच्या बाटलीला बूच मारत होतो. समोर अनंतराव तांबट हंड्यावर ठोके घालत होते आणि ते ठोके रोजचेच असल्यामुळे मला ऐकू येत नव्हते. पण दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत काहीतरी येऊन बसलं. आधी वाटलं, विजेच्या तारेत बिघाड झाला असावा. मग रस्त्यावरच्या उन्हात बारीक बारीक सावल्या पळू लागल्या, एका सायकलवाल्याने डोक्यावर पिशवी धरून सायकल तिथेच टाकली, आणि मी मान वर केली तर आमच्या पत्र्यापुढे हजारो माश्या फिरत होत्या. वर, खाली, आडव्या, तिरक्या, आणि एकही दुसरीला आपटत नव्हती. मी आत पळायला हवं होतं. मी उठलो तो पुढे गेलो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी माझ्या अंगावर असा काटा आला की मला हसूच फुटलं.

त्या उतरल्या सातव्या फळीवर. आमच्या दुकानाला शटर नाही, फळ्या आहेत, नऊ. माझ्याआधी दुकान चालवणाऱ्या मैनुद्दीनचाचांनी प्रत्येकीच्या पाठीवर आकडा कोरलेला आहे. सातवी पानशेतच्या पुरात फुगली, त्याला आता बारा वर्षं होतील, आणि तेव्हापासून ती खाचेतून सगळ्यांत शेवटी निघते. म्हणून सकाळी फळ्या भिंतीला टेकवल्या की ती सगळ्यांत बाहेर असते. शिवाय तो शुक्रवार होता. शुक्रवारी सकाळी फडक्यावर थोडं रोशाचं तेल घेऊन फळ्या पुसायच्या, हा चाचांचा नेम. रोशा हे गवताचंच तेल, पण वास गुलाबाच्या जवळपासचा. गुलाबाचं तेल लाकडाला पुसण्याइतके आपण नवाब नाही, चाचा म्हणत, आणि वास नसलेल्या दारातून अत्तर विकण्याइतके निर्लज्जही नाही. चाचा जाऊन सतरा वर्षं झाली, पण मी एकही शुक्रवार चुकवलेला नाही. त्या फळीच्या वरच्या कडेला आधी मूठभर माश्या बसल्या, मग ओंजळभर, आणि बघता बघता तिथे हातभर लांबीची तपकिरी, हलती दाढी लोंबायला लागली. हवेतलं सगळं तिथे येऊन गोळा होत होतं. हवा पुन्हा पातळ झाली आणि अनंतरावांचे ठोके थांबल्याचं माझ्या ध्यानात आलं.

"माझ्या ठोक्यांनी उतरल्या," अनंतराव पायरीवरून म्हणाले. त्यांच्या हातात हातोडा तसाच होता. "आमचे वडील सांगायचे, तांब्याची परात वाजवली की उडतं मोहोळ खाली बसतं. आज डोळ्यांनी पाहिलं, नियाजभाई." तेवढ्यात शेजारच्या लाँड्रीतून हिंदुराव बाहेर आले. कुठलंही काम दोन मिनिटांत आटपण्याची त्यांना हौस आहे, मग ते काम असो वा नसो. "आग्यामोहोळ आहे," ते म्हणाले. "बाजूला व्हा. फडकं, रॉकेल, काठी, पलिता करतो. दोन मिनिटांत राख." मी म्हणालो, "आग्या असती तर एवढं बोलायला तुम्ही उभे राहिला नसता." आणि त्यांच्या आणि फळीच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. माझी पाठ माश्यांकडे होती, वीतभर अंतरावर, आणि त्या गुणगुणण्याची धग मला सदऱ्यातून लागत होती. "सातेरी आहे ही. बघा, केवढीशी आहे. पेटीत राहणारी जात. हिला आत्ता कुणाशी काही देणंघेणं नाही." हिंदुरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की अत्तर विकणाऱ्याने माश्यांबद्दल बोलावं हे त्यांना पटलं नसल्याचं दिसलं. मग ते म्हणाले, "साडेबाराला शाळा सुटते. शंभर पोरं या बोळातून जातात. एकाने जरी खडा मारला तरी काय होईल ते तुम्हालाही कळतंय. तोवर काय करायचं ते करा, मग मी थांबणार नाही." ते खरंच होतं, म्हणूनच मला त्यांचा राग आला. आणि रागाबरोबर काहीतरी उसळून वर आलं, कारण काय करायचं ते मला माहीत होतं. तेहतीस वर्षांत एकदाही लागलं नव्हतं, तरी सगळंच्या सगळं माहीत होतं.

एकोणीस वर्षांचा असताना चाचांनी मला महाबळेश्वरच्या पलीकडच्या डोंगरात पाठवलं होतं. तेव्हा दुकानात मधही विकायचो आणि मध पारखायला डोळे कामाचे नाहीत, नाक लागतं. घरात नाक माझं. जांभळाचा मध कुठला, हिरड्याचा कुठला, कारवीचा कुठला, हे मी बूच काढताक्षणी सांगायचो आणि चाचा लोकांपुढे माझ्या डोक्यावर टपली मारायचे. तिथे गेनबाच्या घरी महिना काढला. गेनबाकडे पंधरा पेट्या होत्या आणि बोलायची घाई अजिबात नव्हती. एका दुपारी पायवाटेवर जांभळाच्या फांदीला असाच घोस लटकलेला दिसला. मी मागच्या मागे सरकलो. गेनबाने माझं मनगट धरलं. "भिऊ नगा भाई. ह्यांच्याकडं आत्ता राखायला काय बी न्हाय. घर न्हाय, पोरं न्हाईत, साठा न्हाय. पोट भरून निघाल्यात. डंख मारायचा तरी कशासाठी?" आणि त्याने माझा हात घेऊन त्या घोसावर ठेवला. खरोखर ठेवला. दाबला नाही, नुसता टेकवला. तो ऊबदार होता. त्याला वजन होतं आणि ते वजन बोटांखाली एकसारखं सरकत होतं, आणि माझ्या नाकात त्याच क्षणी लिंबासारखा, हिरवा, ओला वास आला. गेनबाला विचारलं तर तो म्हणाला, "त्यो त्यांच्या हाकंचा वास. शेपट्या वर करून पंखानं वारा घालत्यात आन मागं राहिलेल्यांस्नी वासानं हाका मारत्यात. हिकडं या म्हणून." म्हणूनच नव्या पेटीला तो आतून गवती चहाची पात चोळायचा. ते मी तेव्हा ऐकलं, खूश झालो आणि कुठेतरी ठेवून दिलं. बोळात उभा राहून मला गेनबाचा आवाज, त्याच्या नखांतली माती आणि फांदीवरचा तो ऊबदार भार हे सगळं आठवलं. वास तेवढा आठवला नाही.

माझी बायको रझिया माडीच्या जिन्यावर येऊन उभी होती. आमचं घर दुकानाच्या वरच आहे आणि एकतीस वर्षांत ती जिन्याची शेवटची पायरी उतरून दुकानात कधी बसलेली नाही. कुणी मनाई केली होती असं नाही, पण बसलेली नाही. मी म्हणालो, "टोपली दे. बांबूची, पीठ चाळून ठेवतेस ती नको, मोठी दे. जुनी सुती साडी दे. आणि चुलीतली राख." तिने का म्हणून विचारलं नाही. माझा आवाज बदललेला तिला कळला असावा, कारण मलाही तो कळत होता. राख सगळ्यांत आधी. गेनबाने त्या दुपारी मला ओढ्यावर नेऊन मातीने हात घासायला लावले होते. "तुमच्या हाताला शंभर वास हायत भाई, त्यांस्नी गोंधळायला हुईल." तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. मी मोरीपाशी उभा राहून हात पुढे केले आणि माझ्या लक्षात आलं की आत्ता या हातांना कशाचा वास येतोय ते मला माहीत नाही.

कारण मला वास येत नाही. हे वाक्य मी तोपर्यंत मनातसुद्धा पुरतं उच्चारलं नव्हतं. मागच्या जुलैत आठ दिवस ताप आला, उतरला, नवव्या दिवशी खाली येऊन वाळ्याची बाटली उघडली तर आतून नुसती थंड हवा आली. वाटलं बाटली रिकामी आहे. हलवून पाहिली, भरलेली होती. मग हिना उघडला, केवडा उघडला, शेवटी अनंतरावांकडचं तांबं उजळायचं तेजाब हुंगायला गेलो, तर ते नाकात नुसतं झोंबलं. सर्दी असेल म्हटलं. आठ महिने सर्दी आहे म्हणत होतो. आणि तोवर दुकान चाललं होतं, कारण आमच्या दुकानात सगळं काही नाकावर आहे असं जगाला वाटतं आणि जग फार बारकाईने बघत नाही. मी गिऱ्हाइकाच्या पापण्यांकडे बघायला शिकलो. वास आवडला की पापण्या अर्ध्या उतरतात. थेंब कागदावर किती पसरतो ते बघायचो, रंग बघायचो, बाटली फडताळात कुठे उभी आहे ते बघायचो. तेवढंच माझ्या हाती होतं, कारण आमच्या दोनशे बाटल्यांपैकी एकीवरही चिठ्ठी नाही. ज्याला नाक नाही त्याने चिठ्ठी लावावी, हा चाचांचा आणखी एक नेम. सगळ्या बाटल्या एका मापाच्या, एका काचेच्या. लोक लांबून ते बघायला यायचे आणि मी न बघता हात घालून हवी ती बाटली काढायचो. बघणाऱ्यांत टाळ्या वाजवणारेही निघायचे. गेले आठ महिने टाळ्या वाजल्या की मला घाम फुटायचा.

"रझिया, जरा हात हुंगून बघ," मी म्हणालो. "माश्यांना वास चालत नाहीत." कारण खरंच होतं, त्यामुळे विचारायला लाज वाटली नाही. तिने माझा उजवा तळवा धरून नाकाजवळ नेला. "गवती चहा," ती म्हणाली. मी म्हणालो, "रोशा. सकाळी फळ्या पुसल्या." "अहो, गवती चहा आहे. दर पावसाळ्यात सर्दीला याचाच काढा करते मी. मला कळणार नाही होय?" मग तिने कोनाड्यातलं फडकं उचलून हुंगलं आणि ते हातातच ठेवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मला आठवलं की मंगळवारी वरच्या फडताळाचा खिळा सुटला म्हणून मी आठ बाटल्या खाली काढल्या होत्या आणि परत लावल्या होत्या. त्याच जागी लावल्या होत्या. असं मला वाटत होतं. दोन्ही तेलं पातळ, दोन्ही पिवळसर. "धुवा," रझिया म्हणाली आणि माझ्या ओंजळीत राख टाकली.

मी हात घासत होतो आणि एकाच वेळी माझ्या मनात दोन गोष्टी चालल्या होत्या. एक म्हणजे, बुचाखाली बंद करून ठेवलेली श्रीनिवासरावांची बाटली, चारला ते येणार, आणि आत रोशा नाही. पाय गार पडावेत अशी ती गोष्ट होती. पण दुसरी तिच्याहून मोठी होती आणि ती मला दडपता येत नव्हती. मी सकाळी आठ वाजता, काय करतोय ते ठाऊक नसताना, कसब्यातल्या एका बोळात माश्यांची हाक लाकडाला फासून ठेवली होती. इकडे या म्हणून. आणि त्या आल्या होत्या. दुष्काळाचं वर्ष, मुळा-मुठेच्या काठाला फूल नाही, कुठून कुठून उपाशी हिंडत असतील, आणि एवढ्या शहरातून, एवढ्या धुरातून त्यांनी ती हाक ओळखली होती. माझी चूक मला सोडून एका जिवाला कळली होती. लाज वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण त्या लाजेच्या वर मला जे वाटत होतं त्याला मी आनंदच म्हणेन. मोरीच्या कडेला हात टेकून मी थोडा वेळ उभा राहिलो, छाती इतकी उडत होती.

मग मी चुकीची बाटली जाणूनबुजून उघडली. टोपलीच्या आत, तळाला, तिचे चार थेंब बोटाने चोळले. हिंदुरावांच्या दुकानातून स्टूल आणलं. ते मागताना मी त्यांना म्हणालो, "हवं तर तुमचा पलिता तयार ठेवा, पण लांब." टोपली उपडी करून फळीच्या वरच्या टोकाला, घोसाच्या अगदी वर, अशी बांधली की तिची कड घोसाला लागावी. माशी वर चढते आणि अंधाराकडे चढते, हे गेनबाचं. बाकी काही करायचं नाही, हेही त्याचंच. पाणी मारायचं नाही, धूर करायचा नाही, ओरडायचं नाही, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे थांबायचं. मी स्टुलावर उभा राहून थांबलो. बोळाच्या दोन्ही तोंडांना माणसं जमली होती. काही होत नव्हतं. घोस आपला जागच्या जागी उकळत होता. अनंतराव हळूच म्हणाले, "दोन ठोके घालू का?" मी मान हलवली. घड्याळ मला दिसत नव्हतं, पण हिंदुरावांना दिसत होतं आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता. तेव्हा माझ्या डाव्या मनगटावर एक माशी चालत आली, नखापर्यंत गेली, परत फिरली आणि टोपलीच्या कडेवरून आत शिरली. तिच्यामागे पाच-सहा. त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या. पुन्हा गेल्या. आणि मग कडेवर दहा-बारा माश्या ओळीने उभ्या राहिल्या, तोंडं आत, शेपट्या वर, आणि त्यांनी पंखांनी वारा घालायला सुरुवात केली.

पुढचं सांगताना आजही माझे शब्द एकमेकांवर चढतात. सबंध घोस एका अंगाने सैल झाला आणि वर चालू लागला. उडाला नाही, चालला. एकमेकींच्या पाठीवरून, खांद्यावरून, न ढकलता, पण थांबायला कुणी तयार नाही अशा चालीने. तपकिरी दाढी खालून आखूड होत गेली. मी उजवा हात, राखेने खरखरीत झालेला, घोसाच्या खालच्या टोकाला लावला आणि ते टोक माझ्या तळव्यावर बसलं. तीच ऊब. तेच सरकतं वजन. तळव्याच्या मधोमध इतक्या गुदगुल्या झाल्या की मी दात चावून धरले. एकीने करंगळीला डंख मारला, तो मला हवाहवासा वाटला. आणि तळव्यावरून वर जाणाऱ्यांच्या गर्दीत एक लांबट, काळपट, संथ माशी दिसली आणि बुडाली. तीच राणी असावी. माझा मोठा आवाज निघाला नाही, नाहीतर मी पुण्याच्या इतिहासात वेडा म्हणून नोंदला गेलो असतो. मी हात हळूच वर धरला, सगळ्यांना टोपलीच्या काठावर उतरू दिलं आणि स्टुलावरून खाली आलो. शाळा सुटली. पोरं आली तेव्हा हिंदुराव बोळाच्या तोंडाशी हात पसरून उभे होते आणि म्हणत होते, "एकेक जा. हळू. बोलायचं नाही. आत राणी आहे." पोरं खरंच चवड्यांवर चालत गेली.

बाहेर हिंडणाऱ्या माश्या संध्याकाळपर्यंत परतत असतात, तोवर टोपली हलवायची नाही. म्हणजे सबंध दुपार होती. अनंतरावांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या ठोक्यांची गोष्ट सांगितली, तीन वाजेपर्यंत तिच्यात त्यांचे आजोबाही आले होते, आणि दर वेळी ते माझ्याकडे बघून म्हणत, "विचारा नियाजभाईंना." मी मान डोलवत होतो. किती सोपं होतं. ठोक्यांनी आल्या म्हणायचं आणि विषय संपला. श्रीनिवासरावांची बाटली मोरीत ओतायची, गवती चहाच्या जागेवरची बाटली काढायची, तीच रोशा असणार, ती भरून द्यायची. मी उठून ती बाटली काढलीसुद्धा. उजेडात धरली. थेंब कागदावर टाकला. रोशाच असणार. बहुतेक. आठ बाटल्या खाली काढल्या होत्या, आठांपैकी दोनच हलल्या असतील असं कशावरून? आणि त्याआधीच्या आठ महिन्यांत? कुणाला काय दिलं मी? पापण्या तर सगळ्यांच्याच उतरत होत्या, कारण वास घेण्याआधीच त्यांचा माझ्यावर विश्वास होता. उघड्या बाटलीला मी नाक लावलं, पुन्हा एकदा, सवयीने. थंड हवा. समोर टोपलीच्या कडेवर त्या दहा-बारा जणी अजूनही वारा घालत होत्या. मागे राहिलेल्या एखाद-दुसरीसाठी, दुपारभर. मला त्यांच्याकडे बघवेना आणि नजरही हटवता येईना. बाटली मी होती तिथे ठेवली नाही, गादीवर समोर ठेवली.

श्रीनिवासराव बरोबर चारला आले. सदाशिव पेठेत त्यांचा केशतेलाचा लहानसा कारखाना आहे, चौदा वर्षं आमच्याकडून तेलं नेतात आणि चौदा वर्षांत त्यांनी बूच उघडून पाहिलेलं नाही. टोपलीकडे एक नजर टाकून ते म्हणाले, "आता माश्याही तुमच्याकडेच. बाकीच्या दुकानदारांनी जगायचं कसं?" मी म्हणालो, "श्रीनिवासराव, तुमची बाटली चुकली आहे. रोशाच्या जागी गवती चहा भरला मी." "बरं, मग बदला," ते म्हणाले. तिथेही थांबता आलं असतं. मी म्हणालो, "बदलता येत नाही. मला वास येत नाही. जुलैपासून." समोरचे ठोके थांबले होते, अनंतराव ऐकत असणार. "म्हणजे आठ महिने मी काय नेत होतो?" श्रीनिवासरावांनी विचारलं. "मला माहीत नाही," मी म्हणालो. हे बोलताना भीती वाटेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात घोस तळव्यावर बसला तेव्हा वाटलं होतं तसंच वाटलं. श्रीनिवासरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "दिवाळीनंतरच्या हिन्याला आमची मंडळी म्हणाल्या, हा आपला नेहमीचा नाही. मी म्हटलं, नियाजभाईंनी दिलाय, तुझंच नाक बिघडलं असेल. महिनाभर बोलत नव्हत्या माझ्याशी." मी खाली मान घातली. "तेही तुमच्या खात्यावर," ते म्हणाले. त्यात हसू होतं की नव्हतं ते पुणेरी माणसाच्या बाबतीत सांगता येत नाही. मग ते रोखून म्हणाले, "हिन्याची उरलेली बाटली परत आणतो. आणि आज मला रोशा हवा आहे. घरात कुणाला नाक आहे का?"

मी जिन्याकडे बघितलं. रझिया तिथेच होती. किती वेळ ते मी विचारलं नाही. ती शेवटची पायरी उतरली, पदर सारखा केला आणि गादीच्या कडेवर बसली. मी तिच्यासमोर बाटली धरली. "रोशा," ती म्हणाली. मग आपणच हात लांबवून शेजारची उघडली. "हा वाळा." तिसरी उघडून तिने नाक मुरडलं. "हा मोगरा म्हणून विकत असाल तर बंद करा, कुबट झालाय." श्रीनिवासराव म्हणाले, "इथून पुढे वहिनींनी हुंगलेली बाटली द्यायची. नाहीतर मी दुसरं दुकान बघतो." आणि बाटली घेऊन, पहिल्यांदाच बूच उघडून, दारातल्या उजेडात स्वतः हुंगून मग गेले. त्यांच्या पाठोपाठ अनंतराव पायरीवर आले. मी म्हणालो, "तुमच्या ठोक्यांनी नाही आल्या, अनंतराव. माझ्या चुकीने आल्या." ते विचार करून म्हणाले, "ठोके पण चालू होतेच की." मी म्हणालो, ते खरं आहे.

उजेड मावळला तसं आतलं गुणगुणणं खोल झालं आणि कडेवरच्याही आत गेल्या. मी टोपलीला खालून साडी गुंडाळली, दोर सोडले आणि ती दोन्ही हातांनी उचलली. तान्हं मूल झोपेत उचलावं एवढीच ती जड होती. रझिया पुढे कंदील धरून, मी मागे, असे आम्ही गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीमागे, पूर्वेला तोंड करून, दोन विटांवर टोपली ठेवली. उद्या गेनबाच्या गावी कार्ड टाकायचं, त्याचं कुणी असेल तर पेटीसाठी. नसेल तर इथेच एखादा सुतार बघायचा. रझियाने रेशनच्या साखरेतली वाटीभर साखर पाण्यात कालवून आणली होती आणि त्यात काड्या टाकल्या होत्या, बुडू नयेत म्हणून. हे तिला मी सांगितलेलं नव्हतं. वाटी ठेवून ती म्हणाली, "ईदला शीरखुर्म्याचं दूध लागलं होतं. तळाला पार काळं. पाहुण्यांनी वाट्या तशाच ठेवल्या. तुम्ही दोनदा मागून घेतलात." मी म्हणालो, "मग बोलली का नाहीस?" "वाट बघत होते," ती म्हणाली.

मी टोपलीला कान लावला. आत सगळ्या एकमेकींना धरून लटकल्या असणार, अंधारात, अजून घर नाही, नुसती जागा आहे. राहिल्या तर राहतील. सकाळी उडूनही जातील, त्याला आपला इलाज नाही. पण त्या रात्रीपुरत्या त्या माझ्याकडे होत्या आणि छाती अजून तशीच उडत होती. "रझिया," मी म्हणालो, "कसा वास येतोय? नीट सांग." ती वाकली. साडीच्या फटीला नाक लावून तिने डोळे मिटले. "गवती चहाचा." "तो माझा. त्याच्या खालचा सांग." ती पुन्हा वाकली, आणि या वेळी बराच वेळ लागला. "मेणाचा. उन्हात घातलेल्या गोधडीचा. आणि थोडासा, नूर तान्ही होती ना, तिच्या टाळूला यायचा तसा." मला वास आला नाही. पण आमच्या लेकीची, नूरबानूची टाळू मला आठवली, तीस वर्षांपूर्वीची, तेलाने मऊ, ओठांखाली धडधडणारी, आणि तिच्या वासासकट आठवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने कंदिलात पाहिलं आणि कंदील थोडा बाजूला धरला.

"खाली दोनशे बाटल्या आहेत," ती म्हणाली. "उद्या फजरच्या नमाजानंतर बसू. तुम्ही लिहायचं, अक्षर तुमचं बरं आहे. चिठ्ठ्या चिकटवायला मी खळ करून ठेवते."